आठ केमोंसाठी दोन एकर विकायचे का?

यावल तालुक्यातल्या एका शेतकरी भावाचं पत्र आलं आहे. त्यांच्या पत्नी ४१ वर्षांच्या. स्तनाचा कॅन्सर, दुसरी स्टेज. नोव्हेंबरात ऑपरेशन झालं आणि डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात जळगावला पहिली केमो झाली. डॉक्टरांनी एकूण आठ केमो आणि त्यानंतर रेडिएशन सांगितलं आहे. एका केमोला पंचवीस हजार, रेडिएशनला दीड लाख. घरची जमीन पाच एकर. त्यात दोन एकर केळीची मृगबाग (पावसाळ्याच्या तोंडावर लावलेली केळी) उभी आहे, बाकी कपाशी. बँकेत तीन लाखांची एफडी आहे, पण ती बारावीतल्या मुलाच्या इंजिनिअरिंगसाठी राखलेली. आठ तोळे सोनं आहे आणि दोन लाखांचं पीककर्ज.

भाऊ पुढे लिहितात: “गावात एकाची केमो दोन वर्षांपासून चालू आहे. भावकी म्हणते, हे लवकर संपत नसतं, दोन एकर काढून टाक. घेणाराही भावकीतलाच. रोख देतो म्हणतो, पण चालू भावापेक्षा एकरी तीन लाख कमी, आणि महिनाअखेर इसार पावती करायची. केमो नेमकी किती दिवस चालते? सहा महिने की दोन वर्षं? त्यावर सगळं आहे.”

भाऊ, तुम्ही बरोबर जागी बोट ठेवलंत. सगळं खरंच त्यावर आहे. म्हणून आधी एवढंच सांगतो की इसार पावती, म्हणजे आगाऊ रक्कम घेऊन विक्रीचा करार, करू नका. आता कारण सांगतो.

केमो रोज चालत नाही. एक डोस द्यायचा, मग शरीराला सावरायला वेळ द्यायचा, मग पुढचा डोस. या एका फेरीला सायकल म्हणतात आणि ती बहुतेक वेळा २१ दिवसांची असते. काही औषधं दर आठवड्याला किंवा दर पंधरा दिवसांनीही देतात. स्तनाच्या कॅन्सरमध्ये आठ केमो म्हटल्या की साधारणपणे आधीच्या चार एका प्रकारच्या औषधांच्या आणि पुढच्या चार दुसऱ्या औषधाच्या असतात. पुढचं औषध चारऐवजी बारा आठवडे दर आठवड्यालाही देतात. एकूण काळ जवळपास तेवढाच, फक्त जळगावच्या फेऱ्या वाढतात. तुमची कुठली पद्धत आहे ते विचारून घ्या, कारण गाडीभाडं आणि मजुरी त्यावर ठरेल.

२१ दिवसांनी आठ डोस, म्हणजे मध्ये सात खंड, म्हणजे १४७ दिवस. पहिला डोस ५ डिसेंबरच्या आसपास झाला असेल तर आठवा १ मेच्या आसपास येतो. मध्ये एक-दोनदा रक्ताच्या तपासणीत पांढऱ्या पेशी कमी आल्या की डॉक्टर डोस आठवडाभर पुढे ढकलतात. तसं झालं तर घाबरू नका, ते नेहमीचं आहे. मेचा मध्य धरून चला. त्यानंतर तीन-चार आठवडे विश्रांती, मग रेडिएशन. ते सहसा सोमवार ते शुक्रवार, तीन ते पाच आठवडे. म्हणजे जुलैपर्यंत मोठा खर्च आटोपतो.

मग गावातल्या त्या माणसाची केमो दोन वर्षं कशी? कॅन्सर हा एकच आजार नाही. मोठ्या आतड्याच्या कॅन्सरमध्ये ऑपरेशननंतर तीन ते सहा महिने केमो देतात. लहान मुलांच्या एका प्रकारच्या रक्ताच्या कॅन्सरमध्ये उपचार दोन-तीन वर्षं चालतात. आणि आजार दुसऱ्या अवयवांत पसरलेला असेल तर आकडा आधी ठरतच नाही, औषध लागू पडतंय आणि शरीर सोसतंय तोवर देतात. त्यांचा आजार कोणता, स्टेज कोणती, हे तुम्हाला माहीत नाही. त्यांच्या दोन वर्षांवरून तुमच्या वहिवाटीच्या जमिनीचा निर्णय घ्यायचा नसतो.

तुमच्या बाबतीत काळ लांबवणारी एक गोष्ट मात्र खरी आहे, आणि तिचं उत्तर तुमच्याच फाइलमध्ये आहे. ऑपरेशननंतर गाठीच्या तपासणीचा रिपोर्ट आला असेल. त्यात ईआर, पीआर आणि हर-टू अशा तीन नोंदी असतात; पहिल्या दोन गाठ संप्रेरकांवर (हार्मोन्सवर) वाढते का ते सांगतात, तिसरी एका प्रथिनाची. हर-टू पॉझिटिव्ह असेल तर केमोसोबत एक वेगळं इंजेक्शन सुरू करतात आणि ते दर तीन आठवड्यांनी सहसा एक वर्ष देतात, सतरा-अठरा डोस. खर्चाचा हा सगळ्यात मोठा फाटा आहे, तुमच्या पत्रात त्याचा उल्लेख नाही. ईआर किंवा पीआर पॉझिटिव्ह असेल तर नंतर पाच ते दहा वर्षं गोळ्या घ्याव्या लागतात. वर्षं ऐकून दचकू नका, त्यातली नेहमीची गोळी महिन्याच्या किराणापुढे काहीच नाही. पुढच्या फेरीला रिपोर्ट घेऊन जा आणि डॉक्टरांना सरळ म्हणा, “साहेब, कोणतं औषध, किती डोस, किती दिवसांनी, केमोनंतर काय, हे कागदावर लिहून द्या.” चांगला डॉक्टर लिहून देतो. तो कागद तुमच्यासाठी सातबाऱ्याइतका महत्त्वाचा.

आता पैसे. हर-टू निगेटिव्ह आहे असं धरून हिशोब मांडतो. उरलेल्या सात केमो, पावणेदोन लाख. रेडिएशन दीड लाख. झाले सव्वातीन. रक्ताच्या तपासण्या, पेशी वाढवायची इंजेक्शनं, भुसावळमार्गे जाणं-येणं, वहिनी शेतात जायच्या त्यांच्या जागी लावलेली मजूर बाई, यासाठी एक लाख. अडीअडचणीला पाऊण लाख. एकूण पाच लाख, आणि तेही आठ महिन्यांत थोडे थोडे.

जमीन एकरी तीन लाख कमी भावाने दिली तर दोन एकरांत सहा लाखांचं नुकसान. म्हणजे पूर्ण उपचाराला लागतात त्याहून जास्त पैसे तुम्ही सहीच्या दिवशीच गमावता. भावकीवर मी संशय घेत नाही. पण महिनाअखेरीची घाई त्यांची आहे, तुमची नाही. कर म्हणाल तर ग्रामीण शेतजमिनीच्या विक्रीवर भांडवली नफ्याचा कर सहसा लागत नाही, म्हणून माझा नकार करासाठी नाही. आठ महिन्यांच्या खर्चासाठी तीन पिढ्यांची बागायत जाते, त्यासाठी आहे.

पैसा कुठून आणायचा, त्याचा क्रम सांगतो.

सगळ्यात आधी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना. १ जुलै २०२४ पासून ती महाराष्ट्रातल्या सगळ्या कुटुंबांना लागू आहे, रेशन कार्डाचा रंग कोणताही असो. कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत उपचार, आणि केमो व रेडिएशन त्यात बसतात. हॉस्पिटल योजनेत असलं पाहिजे. तिथल्या आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या मदतनीसाला, रेशन कार्ड आणि आधार दाखवून दुसऱ्या केमोच्या आधीच मंजुरी मागा. खिशातून भरलेले पैसे योजनेतून नंतर परत मिळत नाहीत, म्हणून ‘आधी भरू, मग बघू’ करू नका. प्रत्येक औषध योजनेत असतंच असं नाही, त्यासाठीच तो लेखी कागद लागतो. तुमचं हॉस्पिटल योजनेत नसेल तर हॉस्पिटल बदलायचं का, हे डॉक्टरांशी बोलून ठरवा. अर्धवट उपचारात खंड पडता कामा नये. मुंबईत परळच्या टाटा कॅन्सर हॉस्पिटलला दाखवायचं ठरलं तर भुसावळहून स्लीपर आणि थ्री एसीत रुग्णाला पूर्ण सवलत आणि सोबत्याला पाऊण सवलत आहे, हॉस्पिटलचं प्रमाणपत्र लागतं.

दुसरी एफडी. मुलाच्या नावाने ठेवलेल्या पैशाला हात लावताना जीव तुटतो, मला कळतं. पण असं बघा, शिक्षणासाठी बँक चार लाखांपर्यंत तारणाशिवाय कर्ज देते आणि हप्ते शिक्षण संपल्यावर सुरू होतात. आजारपणासाठी इतकं सोयीचं कर्ज कुणी देत नाही. म्हणून एफडी उपचाराला आणि कर्ज शिक्षणाला. एफडी मोडूही नका, तिच्यावर ओव्हरड्राफ्ट घ्या. एफडीच्या व्याजापेक्षा एक-दोन टक्के जास्त पडतं, तेही जेवढे उचलले तेवढ्यावरच. दर तीन आठवड्यांनी पंचवीस हजार उचलायचे असताना यापेक्षा बरी सोय नाही.

कपाशीचे पैसे येतील त्यातून पीककर्ज मुदतीत भरा आणि नवं-जुनं करून घ्या, म्हणजे जुनं फेडून लगेच नवं उचला. तीन लाखांपर्यंतचं पीककर्ज वेळेत फेडणाऱ्याला आपल्या राज्यात व्याज पडत नाही. घरातला हा सगळ्यात स्वस्त पैसा आहे, थकबाकीत जाऊ देऊ नका.

मृगबागेची कापणी मे-जूनला लागेल, बरोबर रेडिएशनच्या तोंडावर. पण मे-जूनचं वादळ रावेर-यावलच्या माणसाला मी काय सांगू? एका रात्रीत उभी बाग आडवी होते. म्हणून केळीचा निम्माच पैसा हिशोबात धरा, आणि फळपीक विमा काढलेला असला तरी त्याची रक्कम धरूच नका, ती यायची तेव्हा येते. तूट पडली तर चार तोळ्यांवर बँकेचं सोनेतारण घ्या. सोनं विकू नका, केळीचे पैसे आले की सोडवून आणा. सावकाराकडे जाऊ नका. शेकडा तीन म्हणजे वर्षाला छत्तीस टक्के, वर तारण म्हणून खरेदीखत लिहून घेतात. त्या सहीने कित्येकांच्या जमिनी गेल्या.

वहिनींना सोबत करताना तुम्हाला शेतात वेळ देता येणार नाही, तर येत्या हंगामात कपाशीचे तीन एकर बटाईने द्या. जमीन नावावर राहते, डोक्याचा ताप कमी होतो. मजूर बाईचे पैसे मात्र वाचवू नका. केमोनंतरचा पहिला आठवडा अंगावर येतो, त्या दिवसांत वहिनींनी चुलीपुढे उभं राहू नये.

जमीन कधी विकावी तेही सांगतो. हर-टू पॉझिटिव्ह निघालं आणि ते इंजेक्शन योजनेतून मिळालं नाही, किंवा पुढे आजार पसरल्याचं कळलं आणि उपचारांना ठरलेला शेवट उरला नाही, तर हिशोब महिन्याचा होतो आणि वर सांगितलेले मार्ग पुरत नाहीत. तेव्हा विका. तेही अर्धा-पाऊण एकर, दोन-तीन गिऱ्हाइकं बघून, चालू भावाने. आणि वहिनींना विचारून. पत्रात सगळ्यांची मतं आहेत, त्यांचं नाही.

तुमच्या स्वतःच्या नावावर विमा आहे का, तेही लिहा. आता घर तुमच्यावर आहे. काहीच नसेल तर बँकेत वर्षाला ४३६ रुपयांत दोन लाखांचा जीवनज्योती विमा याच आठवड्यात सुरू करा.

भावकीला सांगा, मेपर्यंत विचार नाही. आणि डॉक्टरांचा कागद हाती आला की त्याचा फोटो आणि हर-टूचा रिपोर्ट मला पाठवा, दर महिन्याला कुठून किती उचलायचे तो तक्ता करून देतो.