'इक्विलिब्रियम' पहिल्यांदा पाहताना

आपण विज्ञानकथापट नव्यानेच पाहू लागला आहात, म्हणून आग्रहाने सुचवतो की कर्ट विमर यांचा २००२ सालचा 'इक्विलिब्रियम' केवळ बंदुकींच्या चकमकींसाठी पाहू नका; 'गन काटा' ही त्यातील युद्धशैली देखणी आहे, यात शंका नाही. मात्र लक्ष नायक साकारणाऱ्या ख्रिश्चन बेलच्या चेहऱ्यावर ठेवा. भावना दडपणाऱ्या प्रोझियम या औषधाची मात्रा घ्यायची राहून गेल्यानंतर तो हातमोजा काढून जिन्याच्या कठड्यावरून हात फिरवतो, आणि पुढे एका गुप्त खोलीत बेथोव्हनची नववी सिंफनी कानी पडताच एरवी निर्विकार असणाऱ्या त्याच्या डोळ्यांत पाणी दाटते. माझ्या मते चित्रपटाचा जीव इथेच आहे. हे प्रसंग घाईने पुढे सरकवू नका. अनेकांनी या चित्रपटाला 'द मॅट्रिक्स' या आधीच्या गाजलेल्या विज्ञानकथापटाची नक्कल म्हणून बाजूला सारले, हे मला आजही अन्यायाचे वाटते.