पाव किलोतला पाव आणि लादीतला पाव

कोथरूडच्या एका वाचकाने विचारलं आहे : ‘मंडईत पाव किलो गवार घेतो तो पाव आणि बेकरीतून आणतो तो पाव, हा एकच शब्द का? आमच्या घरात दोन मतं आहेत. आई म्हणते, मोठ्या रोटीचा चौथा हिस्सा म्हणून पाव. मामांचं म्हणणं, पूर्वी पीठ पायाने तुडवत म्हणून पाव.’

ही दोन्ही मतं पुष्कळ घरांत ऐकू येतात, पण दोन्ही टिकत नाहीत. हे शब्द मुळात वेगळे आहेत. आणि दोनच नाहीत, तीन आहेत. सारसबागेच्या गणपतीपुढे हात जोडून कुणी ‘देवा, पाव रे’ म्हणतं, तो पाव आणखी तिसऱ्याच घरचा.

चौथाईचा पाव आधी घेऊ. संस्कृतात ‘पाद’ म्हणजे पाय. जनावराला पाय चार, म्हणून एक पाद म्हणजे चौथा भाग, हा अर्थ फार पूर्वीच रूढ झाला. पुरुषसूक्त पाठ असणाऱ्यांना ‘पादोऽस्य विश्वा भूतानि त्रिपादस्यामृतं दिवि’ ही ओळ आठवेल. सगळी भूतसृष्टी हा त्या पुरुषाचा एक पाद, उरलेले तीन द्युलोकात. इथे पाद म्हणजे चौथाईच. पुढे प्राकृतात दोन स्वरांमधला ‘द’ गळाला आणि ‘पाअ’ उरलं. दोन स्वर असे उघडे शेजारी आले की मध्ये काहीतरी येऊन बसतं : कुठे ‘य’, कुठे ‘व’. म्हणून आपल्याकडे पाय आणि पाव अशी दोन रूपं झाली आणि मराठीने त्यांची कामं वाटून दिली. चालायला पाय, मोजायला पाव. हिंदीत मात्र चालायलाही ‘पाँव’. हा फरक लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

या पाव-घराण्याचा गोतावळा मला फार आवडतो. ‘सपाद’ म्हणजे पावासकट, त्याचं झालं सव्वा. ‘पादोन’ म्हणजे पाद ऊन, पाव कमी, त्याचं पाऊण. पावणेदोन म्हणजे दोनाला पाव कमी. चार आण्यांच्या नाण्याला पावली म्हणत, कारण ती रुपयाची चौथाई. सव्वामध्ये तर आणखी एक गंमत दडली आहे. पाव या शब्दातला ‘व’ गळालेल्या ‘द’च्या जागी आला, पण सव्वातला ‘व’ हा ‘पाद’मधल्या ‘प’चा झाला आहे. शब्दाच्या सुरुवातीचा ‘प’ टिकतो, तोच दोन स्वरांमध्ये सापडला की ‘व’ होतो. दीपाचा दिवा झाला तो याच वाटेने.

‘देवा, पाव’ हाही त्याच वाटेने आला. मूळ धातू ‘प्र’ आणि ‘आप्’, म्हणजे प्राप्त होणे. प्राकृतात ‘पावइ’, मराठीत पावणे. पत्र पावलं, रक्कम पावली, आणि ती मिळाल्याचा कागद म्हणजे पावती. नवसाला पावणारा देवही यातलाच. इथला ‘व’ जुन्या ‘प’चा आहे, त्यामुळे चौथाईशी त्याचा काही संबंध नाही.

आता बेकरीतला. हा पोर्तुगीज आहे. पोर्तुगीजांनी गोवा १५१० मध्ये घेतलं, वसई त्यांना १५३४ मध्ये मिळाली आणि चिमाजीअप्पांनी १७३९ मध्ये ती जिंकेपर्यंत त्यांच्याकडेच राहिली. एवढ्या शेजारात बटाटा, कोबी, चावी, पगार, घमेलं असे कितीतरी शब्द आपल्याकडे आले आणि रुळले. त्यांच्या भाषेत ब्रेडला जो शब्द आहे त्याचा उच्चार साधारण ‘पांव’ असा, सगळा नाकातून. तो लॅटिन ‘पानिस’चा वंशज, मधला ‘न’ गेला आणि जाताना स्वराला नाकात सोडून गेला. आपण तो नाकातला सूर टाकून दिला आणि ‘पाव’ म्हणू लागलो. पोर्तुगीज माणसाच्या कानाला आपला पाव बहुधा ‘लाकूड’ असा लागेल, कारण त्यांच्याकडे नाकात न बोललेला ‘पाउ’ म्हणजे लाकूड.

हे नुसतं उच्चारसाम्य नाही कशावरून? त्याला जोड आहे. लिलाव हा शब्दही पोर्तुगीज आहे, मूळ उच्चार ‘लेलांव’च्या जवळचा. शेवटी तोच नाकातला ध्वनी आणि मराठीत तोच ‘आव’. एकाच ध्वनीचं दोन शब्दांत एकसारखंच रूपांतर झालेलं दिसलं की व्युत्पत्तीवर भरवसा ठेवता येतो. शिवाय पोर्तुगीज जपानला गेले, तिथेही ब्रेडला ‘पान’च म्हणतात. जपानी माणसाला आपली चौथाईही ठाऊक नाही आणि हिंदीतला पाँवही नाही.

त्यामुळे आईंचं मत टिकत नाही. मामांच्या मताला आणखी एक अडचण आहे. मराठीत पायाला पाव म्हणत नाहीत. ती गोष्ट हिंदीतल्या ‘पाँव’वर रचलेली आहे आणि तिथूनच आपल्याकडे आली असावी. हिंदी ‘पावरोटी’ मात्र खरी बोलकी आहे : परका शब्द कळेना म्हणून त्याच्या शेजारी ओळखीचा ठेवला.

ज्या पोर्तुगीजमधल्या ब्रेडच्या शब्दाचं चौथाईच्या पावाशी काही नातं नाही असं म्हटलं, त्याच भाषेत पायाला ‘पे’ म्हणतात. तो लॅटिन ‘पेद-’वरून आलेला, आणि लॅटिन पेद व संस्कृत पाद ही सख्खी भावंडं. म्हणजे पोर्तुगीज ‘पे’ आणि मंडईतला पाव किलो हे खरे नातेवाईक, एकमेकांसारखे अजिबात न दिसणारे. फारसीतला ‘पाय’ही तिथलाच, पायजम्यात तो अजून आहे. उलट जुन्या कन्नडमधला ‘पावु’ पाहा, आजचा ‘हावु’. दिसायला किती जवळचा, पण अर्थ साप, आणि तो द्राविडी.

वाचकांनी जाता जाता विचारलं आहे की पुण्याबाहेर गावाकडे ‘पावणं’ म्हणतात ते यातलंच का. नाही. ते पाहुणे, संस्कृत ‘प्राघूर्णक’, प्राकृत ‘पाहुण’. बोलण्यात ‘ह’ विरला आणि ‘व’ आला. तेव्हा ‘पावणेदोनला पावणे आले’ या वाक्यात पहिलं पावणे ‘पादोन’चं आणि दुसरं ‘प्राघूर्णक’चं.