कडवंच गळलं, आता क्यूचं काय करायचं?

प्रश्न: म्युझिकलला पहिल्यांदाच स्टेज मॅनेजर म्हणून बसलोय. परवा गायिकेने दुसरं कडवं गाळून थेट तिसरं धरलं, वादकांनी तिला लगेच गाठलं पण मी आपला मात्रा मोजत बसलो. गाणं संपलं, ती हात वर करून उभी, मी घाईघाईत लाइटला ‘गो’ दिला तर ब्लॅकआउटऐवजी भलताच निळा लाइट आला! असं झालं की नेमकं काय करायचं?

उत्तर: तो निळा लाइट दुसऱ्या कडव्याचा असणार, पैज लावतो. तुम्ही ‘गो’ म्हटलं की लाइट बोर्डवरचा ऑपरेटर पुढचा नंबर मारतो, आणि तुम्ही मधले क्यू (म्हणजे लाइट, साउंड, सेट बदलायचे नंबर दिलेले इशारे) वगळा असं त्याला सांगितलंच नव्हतं. त्यामुळे गडबड झाली की पहिली गोष्ट, मोजणं सोडा आणि कान स्टेजवर लावा. गाणं आत्ता कुठे आहे ते कंडक्टर ठरवतो, स्टेज मॅनेजरने ते दुरुस्त करायला जायचं नसतं, बाकी सगळ्यांना तिथे नेऊन पोचवायचं असतं. हेडसेटवर एकच वाक्य, ‘लाइट, 42 ते 45 वगळा, 46 ला स्टँडबाय’ (म्हणजे तयार राहा), आणि त्याचं उत्तर आल्याशिवाय ‘गो’ नाही. ‘अरे काय गायली ही’ वगैरे अजिबात नको, तेवढ्यात एक क्यू जातो. (मी स्वतः हे केलंय, म्हणून सांगतो.)

याची तयारी मात्र आधीच करावी लागते. गाण्यात क्यू मात्रेवर बांधू नका, शब्दावर बांधा, मात्रा फक्त जिथे नुसतं वाजतंय तिथे. आणि प्रॉम्प्ट बुकात, म्हणजे सगळे क्यू लिहिलेल्या तुमच्या संहितेच्या प्रतीत, प्रत्येक कडव्याच्या सुरुवातीला समासात पेन्सिलने मोठा क्यू नंबर लिहून ठेवा, म्हणजे उडी मारली की बोट थेट तिथेच पडतं.

मागे रेकॉर्डेड ट्रॅक असेल तर अवघड, ट्रॅक कोणासाठी थांबत नाही. तेव्हा साउंडवाल्याने ट्रॅकचा आवाज हळूच कमी करत बंद करायचा आणि गायिकेने तसंच गात राहायचं, पण हे म्युझिक डायरेक्टरबरोबर तालमीतच ठरलेलं हवं, ऐनवेळी विंगेत नाही. आणि सेट वरून खाली येणार असेल किंवा फिरणार असेल तर संगीत कुठेही असो, खाली माणूस नाही हे डोळ्याने दिसल्याशिवाय क्यू द्यायचा नाही, मग लोकांना चूक कळली तरी चालेल.

शो रिपोर्टमध्ये लिहा ‘दुसरं कडवं गळलं, क्यू 42 ते 45 दिले नाहीत’, बस. का गळलं ते प्रयोगानंतर म्युझिक डायरेक्टर तिच्याशी बोलेल. मध्यंतरात ती तुमच्याकडे येऊन ‘माझं चुकलं ना हो?’ विचारेलच, तेव्हा ‘पाणी पी, दहा मिनिटांत तुझी एंट्री आहे’ एवढंच म्हणा.