घरच्या साध्या मशीनवर आजच्या धाटणीचा किल्ट शिवता येईल का? कापड किती लागेल?

हो, येईल. किल्ट म्हणजे स्कॉटिश पुरुषांचा, मागे निऱ्या असलेला, गुडघ्यापर्यंतचा घागऱ्यासारखा पेहराव. तुम्ही स्कॉटलंडमध्ये ॲबरडीनला राहता, कंबर ३६ इंच आणि सीट (नितंबांचा घेर) ४० इंच आहे, आणि आजवर पडदे नि उशांचे अभ्रे शिवलेत, असं प्रश्नात लिहिलंय. पडदे सरळ शिवता येत असतील तर किल्टच्या बहुतेक टिपा तुम्हाला येतातच. यात बाही नाही, गळा नाही, आसन नाही. सगळं अडतं ते कंबर ते सीट या पाच-सहा इंचांत, त्यामुळे मीही तिथेच जास्त लिहिणार आहे. मी एडिनबऱ्यात राहतो आणि आतापर्यंत चार किल्ट स्वतः शिवलेत.

आधी कुठला किल्ट शिवायचा ते ठरवा. लग्नाकार्यात दिसतो तो पारंपरिक किल्ट इथे ‘एट यार्ड’ म्हणून ओळखला जातो. यार्ड म्हणजे आपला वार, म्हणून मी त्याला मनातल्या मनात आठवारीच म्हणतो. नऊवारीसारखंच त्याचं नाव कापडाच्या लांबीवरून पडलंय. तो वाराला १३ ते १६ औंस भरणाऱ्या जाड लोकरीचा, हातशिलाईचा, नाभीच्या वर बांधायचा. त्याला खाली दुमडही नसते, कापडाचा काठच खाली येतो. पहिल्याच प्रयत्नात त्याच्या वाटेला जाऊ नका. आजच्या धाटणीचा किल्ट जीन्स जिथे घालतो तिथे, म्हणजे कमरेच्या हाडावर बसतो आणि साडेचार वारांत होतो. साध्या कापडाचा किल्ट शिवला तर इथल्या लोकांना खटकेल का, असंही तुम्ही विचारलंय. अजिबात नाही. एडिनबऱ्यातच हॉवी निकल्सबी यांनी १९९६ साली ‘ट्वेंटीफर्स्ट सेंच्युरी किल्ट्स’ सुरू केलं आणि डेनिम, चामडं असल्या कापडांचे किल्ट शिवले. ही नवी वाट इथल्याच कारागिरांची आहे.

आता तुमच्या मापाचा हिशेब. सीट ४०, तिचे दोन भाग: पुढे २०, मागे २०. मागे निऱ्या. प्रत्येक निरी वरून एक इंच दिसणारी आणि आत दोन इंच खोल, म्हणजे एका निरीला पाच इंच कापड. २० निऱ्यांना १०० इंच. पुढे एकावर एक येणारे दोन सपाट पदर, २० नि २० मिळून ४०. दोन्ही पदरांच्या बाजूची एकेक खोल घडी आणि कडांची दुमड धरून आणखी २०. झाले १६० इंच, म्हणजे जवळपास साडेचार वार लांबीची पट्टी. उंची २२ धरली तर खालची दुमड आणि वरची माया मिळून २४ इंचांची पट्टी लागते. ५८ पन्ह्याच्या कापडातून अशा दोन पट्ट्या निघतात आणि उरलेल्या १० इंचांत कमरपट्टा बसतो. म्हणून प्रत्यक्षात अडीच मीटर कापड पुरतं. दोन पट्ट्यांचा जोड निरीच्या आतल्या घडीत जाईल असा ठेवा, बाहेरून कळतही नाही.

कापड कॉटन ड्रिल किंवा ट्विल घ्या, चौरस मीटरला २५० ते ३०० ग्रॅमचं. त्याहून हलकं घेतलंत तर ॲबरडीनच्या समुद्रावरच्या वाऱ्यात निऱ्या जागेवर राहणार नाहीत. रंग एकच असू दे. चौकटी जुळवत निऱ्या घालणं हे वेगळं शिक्षण आहे, ते दुसऱ्या किल्टला. आणि बेतण्याआधी कापड भिजवून, वाळवून, इस्त्री करून घ्या. कॉटन आटतंच.

पट्ट्या जोडल्या की आधी खालची दुमड शिवून टाका. निऱ्या घातल्यावर ती शिवता येत नाही.

मग मुख्य काम. सीटला मागचे २० इंच हवेत, पण कमरेला १८च. निऱ्या तर दोन्हीकडे २०च. म्हणजे प्रत्येक निरी सीटला साडेपंचवीस मिलिमीटर आणि वर कमरेला तेवीस मिलिमीटर दिसली पाहिजे. अडीच मिलिमीटरचा हा उतार प्रत्येक निरीत सारखा पडला तरच किल्ट पाठीला घट्ट बसतो आणि सीटखाली निऱ्या मोकळ्या झुलतात. खडूच्या टोकदार कडेने दोन्ही खुणा करा, इंचात नाही, मिलिमीटरमध्येच. पुढच्या दोन पदरांनाही कमरेकडे दोन्ही बाजूंनी एकेक इंच तिरकं आत घ्यायचं.

माझा पहिला किल्ट इथेच बिघडला. जाड डेनिम होतं, खुणा अचूक होत्या, तरी तयार झाल्यावर मागची बाजू दीड इंच कमी भरली. कारण असं की कापड दुमडतं तेव्हा त्याची जाडी थोडी रुंदी खाते. एका निरीला दोन मिलिमीटर गेले तरी वीस निऱ्यांना चार सेंटिमीटर जातात. तीन संध्याकाळी उसवण्यात गेल्या. तेव्हापासून दर पाच निऱ्यांनंतर टेप लावतो: सीटला पाच इंच आणि कमरेला साडेचार भरले तरच पुढे. कमी भरलं तर लगेच उसवून त्या पाचच निऱ्या सैल करायच्या.

निऱ्या आधी कच्च्या धावदोऱ्याने टाचा: कमरेला, सीटला आणि खालच्या दुमडीच्या जरा वर, अशा तीन ओळी. दोरा वेगळ्या रंगाचा वापरा. मग प्रत्येक निरीच्या कडेवरून कमरेपासून सीटपर्यंत टीप मारा, शेवटी दोन-तीनदा मागेपुढे करून ती पक्की करा. बसताना सगळा ताण त्याच टोकावर येतो. सुई १६ नंबरची लावा, १४ नंबरची जाड घडीत वाकते.

कमरपट्ट्यात बुकरम (ताठ अस्तर) घाला. बाहेरचा पदर उजव्या बाजूला बंद होतो, तिथे चामड्याचे दोन पट्टे आणि बकलं लावा. आतल्या पदराला डावीकडे भक्कम प्रेस बटणं पुरतात. किल्टची पिन लावणार असाल तर ती फक्त बाहेरच्या पदरातून घाला. दोन्ही पदर एकत्र टोचलेत तर पहिल्या लांब पावलालाच कापड फाटतं.

ओलं फडकं ठेवून निऱ्यांवर कडक इस्त्री करा, रात्रभर तसाच सपाट ठेवा आणि कच्चे दोरे सकाळी काढा. कापड घेण्याआधी सीटचं माप पुन्हा एकदा घ्या, सर्वांत रुंद भागावर आणि खिसे रिकामे करून. चाळीसच्या जागी बेचाळीस निघाली तर इथे कळवा, निऱ्यांचा हिशेब बदलून देतो.