‘चांगल्या घरचा मुलगा’

प्रश्न : मी सांगलीत विश्रामबागला राहते. आमच्याकडे धुणीभांडी करणाऱ्या बाईंची एकोणीस वर्षांची मुलगी ज्या बंगल्यात स्वयंपाकाला जात होती, तेथील मुलाने तिच्यावर बलात्कार केला. तक्रार अजून दिलेली नाही. परवा आमच्या घरी भिशी होती. ‘मुलगा चांगल्या घरचा, इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे, त्याच्या आयुष्याचे वाटोळे होईल, काही देऊन मिटवावे’ असे सगळ्यांचे मत पडले. वीटभट्टीवरच्या एका कामगारावर असाच आरोप झाला, तेव्हा याच बायका फाशी मागत होत्या. मुलीची आई आत कपबश्या विसळत होती. मी गप्प बसले. आता काय करावे?
– एक वाचक, सांगली

उत्तर : आपल्या मैत्रिणींना बलात्कार क्षुल्लक वाटतो, असे मला वाटत नाही. आरोपी वीटभट्टीवरचा असला की त्यांना गुन्हा दिसतो आणि तो आपल्या मुलांच्या शिकवणीतला असला की त्याचे शेवटचे वर्ष दिसते. त्या मुलीचेही काही शेवटचे वर्ष होते का, हे भिशीत कोणी विचारले नसावे. (‘चांगले घर’ म्हणजे आपल्याकडे बहुधा मोठे घर.)

१९७२ साली तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातील देसाईगंज पोलीस ठाण्यात दुसऱ्यांच्या घरी कामाला जाणाऱ्या एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाला. उच्च न्यायालयाने दोन पोलिसांना दिलेली शिक्षा सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये रद्द केली. अंगावर जखमा नव्हत्या, हे त्यामागचे एक मोठे कारण होते. तेव्हा उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या कायद्याच्या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहून, निमूटपणे सोसणे म्हणजे संमती नव्हे, असे बजावले आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. ज्या घरातून आईने उचल घेतली आहे, त्या घरात मुलगी ओरडली का नाही, हा प्रश्न आजही विचारला जातो.

तक्रार द्यायची की नाही, हे ती मुलगीच ठरवील. परंतु ‘मिटवणे’ कायद्याला मान्य नाही, बलात्काराच्या गुन्ह्यात तडजोड होत नाही, हे तिला कळले पाहिजे. कोणत्याही पोलीस ठाण्यात तक्रार देता येते, जबाब महिला अधिकाऱ्याने नोंदवायचा असतो, आणि नोंद नाकारणारा अधिकारी भारतीय न्याय संहितेच्या कलम १९९ खाली शिक्षेस पात्र ठरतो. सरकारी काय, खासगी काय, रुग्णालयाला उपचार मोफत आणि तत्काळ द्यावे लागतात. तिचे नाव, गल्ली, फोटो मोबाइलवरच्या ग्रुपवर फिरू लागले, तर तोही गुन्हा आहे, हे मैत्रिणींना अवश्य सांगा.

कायद्यापेक्षा मला खाड्यांची काळजी अधिक वाटते. पोलीस ठाण्याची आणि पुढे कोर्टाची प्रत्येक फेरी म्हणजे त्या बाईंचा चार घरांतला खाडा, आणि ‘मिटवा’ म्हणणारे नेमके तेथेच पैसे पुढे करतात. म्हणून आपल्या घरचा पगार कापू नका, त्या बंगल्याची उचल असल्यास फेडायला मदत करा आणि पहिल्या फेरीला सोबत जा. त्याआधी त्यांच्याशी बोला, कारण आपण गप्प बसलात हेही त्यांनी आतून ऐकले आहे. पुढची भिशी आपल्याकडे असेल, तर त्या दिवशी त्यांना भरपगारी सुटी द्या आणि मैत्रिणींना जे सांगायचे ते कपबश्या स्वतः विसळताना सांगा.