आईचं जेवण चित्रित केलं, यात कला कसली?

प्रश्न : ताई, मी कोल्हापुरात चित्रकला शिकते. रविवारी घरी मटण असतं. आधी वडील, काका, भाऊ, मग आम्ही मुली. आई सगळ्यात शेवटी, पातेल्यात उरेल त्या तांबड्या रश्शात भाकरी कुस्करून. मोबाइल फळीवर टेकवून मी तिचं जेवण सलग 18 मिनिटं चित्रित केलं. काका म्हणाले, "घरची लक्तरं वेशीला टांगायला निघालीस होय? आणि यात कला कसली?" मला उत्तर सुचलं नाही.
– एक वाचक, मंगळवार पेठ

उत्तर : तुझं पत्र वाचलं आणि मला आमची आजी आठवली. ती कधी ताट घ्यायचीच नाही. भाकरी झाल्या की परातीतलं पीठ झटकायची, तिच्यातच कालवण ओतायची आणि चुलीकडं तोंड करून चार घासांत उरकायची. तिला जेवताना मी समोरून कधी बघितलंच नाही, हे ती गेल्यावर ध्यानात आलं. तू आईला बघितलंस.

काकांना मार्था रॉस्लरबद्दल सांग. या अमेरिकी कलावतीनं 1975 साली 'सिमिऑटिक्स ऑफ द किचन' ही साधारण सहा मिनिटांची कृष्णधवल चित्रफीत केली. टीव्हीवर पाककृती दाखवतात तशी ती टेबलामागं उभी राहते. इंग्रजी मुळाक्षरांच्या क्रमानं एकेक वस्तू उचलते, तिचं नाव घेते, वापरून दाखवते. पदार्थ मात्र काहीच होत नाही. सुरी हवेत भोसकते, पळीनं नसलेलं कालवण घेऊन बाजूला भिरकावते. चेहरा मख्ख. शेवटची अक्षरं तर हातवाऱ्यांनीच काढते. स्वयंपाकघरात मुकाट साठलेला राग त्या हातांत उतरलेला दिसतो. आपल्याला नजर चोरायला जागाच उरत नाही.

तुझ्या 18 मिनिटांचं बळ तिथंच आहे. कापून तीन मिनिटांवर आणू नकोस. बासरी-बिसरी तर अजिबात घालू नकोस, पातेलं खरवडल्याचा आवाज राहू दे.

पण एक गोष्ट मला खटकली. आई काय म्हणाली, ते तुझ्या पत्रात कुठंच नाही. रॉस्लर कॅमेऱ्यासमोर स्वतः उभी राहिली. तू आईला बसवलंस, हा फरक लहान नाही. आधी तिच्या शेजारी बसून ते सगळं तिला दाखव. ती नको म्हणाली तर कुणालाही दाखवू नकोस. हो म्हणाली, तर पुढच्या रविवारी पहिलं ताट तिचं वाढ आणि मोबाइल फळीवर चालू ठेव. तेव्हा काका कुठं बसतात, काय बोलतात, तेही त्यात येऊ दे.