व्यापारी म्हणतो, ‘उद्यम नोंदणी (लहान उद्योगांची सरकारी नोंदणी) रद्द कर, नाहीतर माल बंद’. सोलापुरात बारा मागांचा छोटा कारखाना आहे, काय करू?

रद्द करू नका. मीही अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेल काढतो आणि असाच दबाव माझ्यावर मार्च २०२४ मध्ये आलाय. परगावच्या एका जुन्या पार्टीचा फोन आला, “माल परत पाठवल्यासारखं दाखवू, एप्रिलमध्ये नवीन बिल करा.” मी केलं. पैसे जूनमध्ये आले, आणि इकडे सूतवाला रोज दारात. तेव्हा नीट चौकशी केली असती तर त्याचं ऐकलं नसतं.

२०२३ च्या अर्थसंकल्पात आयकराच्या ४३ब कलमाला (एच) हे पोटकलम जोडलं गेलं आणि २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून ते लागू झालं. उद्यम नोंदणी असलेल्या सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचं बिल व्यापाऱ्याने मुदतीत चुकतं केलं नाही आणि ३१ मार्चला बाकी राहिलं, तर त्या वर्षी खर्च म्हणून त्याला त्याची वजावट मिळत नाही. म्हणून नोंदणीच नको म्हणतो. लेखी करार असेल तर मुदत जास्तीत जास्त ४५ दिवस, नसेल तर १५. ही मुदत २००६ च्या एमएसएमई (सूक्ष्म, लघु, मध्यम उद्योग) कायद्यातलीच आहे. करारात ९० दिवस लिहिले तरी ते चालत नाहीत.

म्हणजे तुमचे १० लाख त्याच्याकडे अडकले असतील, तर तेवढा त्याचा नफा वाढलेला दिसणार आणि ३० टक्क्यांच्या टप्प्यात असेल तर ३ लाखांच्या वर कर आत्ता भरावा लागणार. पैसे दिले की त्या वर्षी वजावट मिळतेच. म्हणजे त्याचं नुकसान कायमचं नाही. पण हे तो तुम्हाला सांगणार नाही.

खरी गोम अशी की या कलमाचा दात मार्चमध्येच लागतो. मे महिन्याचं बिल त्याने जानेवारीत दिलं तर आयकराला काही देणंघेणं नाही. तिथे तुमच्या हातात फक्त २००६ चा कायदा: रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, महिन्याला चक्रवाढ व्याज. थकलेल्या बिलांसाठीच्या सरकारी पोर्टलवर तक्रार टाकता येते. पण खरं सांगतो, वर्षानुवर्षांच्या पार्टीवर तक्रार टाकणारा कारखानदार मी तरी अजून पाहिला नाही. टाकली की धंदा संपला.

म्हणून मी आता एवढंच करतो. ऑर्डर घेतानाच ४५ दिवसांची मुदत लेखी घेतो, व्हॉट्सॲपवर का होईना. बिलाच्या तळाला आपणच छापलेली ओळ करार म्हणून धरली जाईलच असं नाही. बिल्टी (ट्रान्सपोर्टची पावती) आणि माल पोचल्याची पावती जपून ठेवतो, कारण दिवस बिलाच्या तारखेपासून नाही, माल पोचल्यापासून मोजतात. आणि जानेवारीतच फोन सुरू करतो, “मार्चच्या आत मिटवून टाका, तुमचाच कर वाचेल.” या वाक्याला फळ येतं.

तुमचा व्यापारी लहान दुकानदार असून हिशोबाऐवजी उलाढालीवर अंदाजे नफा दाखवत असेल (आयकराचं ४४एडी कलम), तर हे कलम त्याला लागतच नाही. मग तो उगाच घाबरतोय किंवा घाबरवतोय.

तो दुसऱ्याकडे जाईल ही भीती मात्र खरी आहे. शेजारच्या पेठेत बिननोंदणीचे माग आहेत, तिथे त्याला उधारी मोकळी मिळते. याला माझ्याकडे उत्तर नाही. पण जो नोंदणी रद्द करायला लावतो तो पैसे वेळेवर देणारा नाही, एवढं तुम्हालाही कळत असेल.

शेवटचं: उद्यम सर्टिफिकेटवर तुमचा व्यवसाय ‘उत्पादन’ आहे का बघा. आपल्याकडे बरेच जण स्वतः विणतात आणि दुसऱ्याचा मालही विकतात, मग नोंदणी करून देणारा एजंट ‘व्यापार’ टाकून मोकळा होतो. व्यापाराच्या नोंदणीला या मुदतीचं संरक्षण नाही. तसं असेल तर आधी ते दुरुस्त करून घ्या.